सोन्याखालचे मणके

विमल शेळकेचा फोटो पडद्यावर उमटला आणि डॉ. भास्कर निकमचा चहा हातातच राहिला. पाठीचा चौथा आणि पाचवा मणका खचून एकमेकांत घुसले होते. मधली फट नावाला उरली नव्हती. बाई तपासणीच्या गाडीपर्यंत चालत आलीच नव्हती. दोघा दिरांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि तिचे पाय खुर्चीवरून दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे लोंबत होते.

पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तिचा मागचा फोटो होता, याच गाडीत पावसाळा संपता संपता काढलेला. त्यात सगळे मणके धडधाकट, वरपासून खालपर्यंत ओळीत. खाली हिरव्या अक्षरांत शेरा होता : शाबूत. त्या वेळीही बाई पाठ दुखते म्हणत होती. भास्करनं तिला तेल लावून शेकायला सांगितलं होतं, तेही त्याला आठवलं.

हाडाचा क्षय गोगलगाईच्या पायानं येतो. दोन मणके खायला त्याला वर्ष लागतं, कधी दोन वर्षं. इथं दीड-दोन महिन्यांत खेळ आटोपला होता. मध्ये पडली-बिडली होती का, असं भास्करनं विचारलं. थोरला दीर मान हलवून म्हणाला, पडली नाही, पण आमचा भाऊ गेला. अटॅक आला. दहाव्याला हिचं मंगळसूत्र उतरवलं आणि त्याच आठवड्यात हिनं अंथरूण धरलं.

मग त्यानं आवाज उतरवून जे सांगितलं, ते भास्करनं आणखी दोन गावांत ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं होतं. नवरा गेला की बाईचा कणा मोडतो, डॉक्टर. म्हातारी माणसं म्हणायची ते काय उगीच नव्हतं. आता तर मेरूच दाखवतोय.

या खेपेला त्याला हसू आलं नाही.

मेरू म्हणजे कोण हे सांगायला हवं. तो तपासणीच्या गाडीतला, एक्स-रे वाचणारा संगणक. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसं दिसतात, हृदयाची सावली दिसते, बरगड्या दिसतात, आणि या सगळ्यांच्या मागे, कुणी लक्ष देत नाही अशी, मणक्यांची उतरंड असते. सावल्यांवर सावल्या पडलेल्या असतात, त्यामुळं डॉक्टरच्या डोळ्याला ती धड मोजताही येत नाही. मेरूला येत असे. लाखो फोटो पाहून तो शिकला होता. प्रत्येक मणक्याचे चार कोपरे तो हुडकायचा, मानेपासून खाली नंबर घालत यायचा, प्रत्येकाची उंची मोजायचा आणि शेजारच्याशी ताडून बघायचा. एखादा मणका बसका निघाला की सांगायचा. खोकल्यासाठी काढलेल्या फोटोत पाठीचा रोग फुकटात सापडायचा. विट्याच्या आसपासच्या या मुलखात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायला देशभर पांगलेला. भट्टीच्या धुरानं छाती पोखरून माणसं परत यायची, येताना क्षय आणायची आणि तो घरातल्या बायकांना लागायचा. मेरूची गाडी इथं फिरू लागली ती त्यासाठीच.

अडचण एकच होती. धातूच्या आरपार एक्स-रे जात नाही. या भागातल्या बायका आखूड मंगळसूत्र घालतात. त्याच्या सोन्याच्या वाट्या आणि मणी नेमके पाठीच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या समोर येतात. फोटोत तिथं पांढरा ठिपका. आडवा फोटो काढावा तर तिथं खांद्यांची हाडं आडवी येतात. मंगळसूत्र काढा म्हटलं की बायका गळ्यावर हात धरून आल्या पावली परत जायच्या. मुलखात एकेका शिबिरातून निम्मी रांग अशी गळाली.

त्या गळालेल्या रांगेत भास्करची बहीणही होती. शालनअक्का. आई गेली तेव्हा भास्कर शाळेतही जात नव्हता. त्याला वाढवलं ते तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, हणमंत दाजींनी. दाजी सिलिगुडीला गलाईच्या दुकानात होते. एका पावसाळ्यात नदीनं तिथली निम्मी पेठ धुऊन नेली, आणि दाजी त्यानंतर कुणाला दिसले नाहीत. प्रेत सापडलं नाही, निरोप आला नाही. भावकीनं वर्षं जाऊ दिली आणि मग एक दिवस मंगळसूत्र उतरव म्हणून तिला समजवायला माणसं बसली. अक्कानं सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं की ज्यानं स्वतःच्या हातानं सोनं आटवून या वाट्या ओतल्या, तोच येऊन काढ म्हणाला तर काढीन. तिच्या अंगणात तेव्हापासून हा विषय कुणी काढला नाही.

तिच्यासाठीच भास्करनं मेरू बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला एक युक्ती सुचवली होती. मेरूला मणके एवढे पाठ आहेत, तर सोन्याचा ठिपका पुसून त्याजागी काय असायला हवं ते त्यालाच भरू द्या. वरचा मणका, खालचा मणका आणि लाखो फोटोंचा अनुभव, यावरून मधल्या मणक्याचा अंदाज बांधणं त्याला अवघड नव्हतं. कंपनीला युक्ती एवढी आवडली की त्यांनी ती राज्यभर लागू केली. सुरुवातीला भरलेल्या जागेभोवती निळी रेघ यायची. पण रेघ दिसली की दवाखान्यातले डॉक्टर बाईला परत बोलवायचे, बाई चिडायची, तक्रारी व्हायच्या. मग भास्करलाच विचारून रेघ काढून टाकली. बायका खूश झाल्या. अक्का पहिल्या दिवशी नवी साडी नेसून गाडीत चढली आणि फोटो काढून आली.

विमलला मिरजेच्या रुग्णवाहिकेत चढवून दिल्यावर भास्कर गाडीत परत आला. त्यानं तंत्रज्ञ सारिकाला सांगून दुसऱ्या एका बाईच्या मूळ फोटोतली मंगळसूत्राची सावली तेवढी कापून घेतली आणि ती विमलच्या आजच्या फोटोवर, बरोबर त्या खचलेल्या मणक्यांवर चिकटवली. तो फोटो त्यानं नवा म्हणून मेरूकडे पाठवला.

श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. सोनं पुसलं गेलं आणि त्याच्या खालून दोन मणके वर आले. सुबक, चौकोनी, कडा रेखीव, मधली फट सारखी. खऱ्या हाडात असते ती बारीक जाळीसुद्धा होती. मेरूचा बाईमाणसाचा गोड आवाज म्हणाला, "ताई, तुमचे मणके शाबूत आहेत."

 सारिकाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला होता.

भास्करनं पुण्याला फोन लावला. तिकडचा इंजिनियर सभ्य होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मेरूची बाजू मांडली. मेरूनं जे जास्त वेळा पाहिलं तेच तो भरणार. शंभरातल्या नव्व्याण्णव जणींचे मणके धड असतात. शिवाय ज्या जागेचं कधी दिसलंच नाही, त्या जागेचा रोग तो शिकणार कुठून? उघड्या गळ्यानं येणाऱ्या बहुतेक विधवा, म्हणून रोग त्यांच्यातच सापडला. भास्करनं विचारलं, मूळ फोटो परत तपासता येतील का? इंजिनियर म्हणाला, मूळ फोटो आठवडाभर राहतो, मग जागा करायला पुसतो. दुरुस्त केलेलेच ठेवतो. तेच तर स्वच्छ असतात.

म्हणजे गेल्या तीन वर्षांत राज्यातल्या लाखो बायकांना शाबूत म्हणून घरी पाठवलं होतं, त्यातल्या कितीजणी खरोखर शाबूत होत्या हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात. इथं इलाजानं रोगावर पांघरूण घातलं होतं, आणि ते पांघरूण भास्करनं स्वतः विणून दिलं होतं.  पण खरं सांगायचं तर लाखो बायका त्याच्या मनात त्या घटकेला नव्हत्याच. एकच होती. अक्का वर्षभर म्हणत होती, पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधी आग पडती रं. आणि त्यानं तिला दोनदा गाडीत घेऊन दोनदा शाबूत म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या गावी गेला. अक्का चक्कीवरून दळण घेऊन येत होती. लांबूनच त्याला पाहून ती हसली, डबा सावरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी चप्पल काढायला वाकली. एका पायात चप्पल नव्हतीच. ती मागे रस्त्यात, पंधरा-वीस पावलांवर पडली होती.

"पायातनं चप्पल गेलेली कळली नाही तुला?" भास्करनं विचारलं.

"आताशा असंच हुतंय. पाय बधिर असत्यात. वय झालं, दुसरं काय."

भास्कर जाऊन चप्पल उचलून घेऊन आला. डॉक्टरला जे कळायचं ते कळलं होतं. पाठीचा कणा आतल्या मज्जारज्जूला दाबू लागला की आधी पायांना जमीन कळेनाशी होते. मग चाल जाते. विमलचे पायही असेच गेले असणार. आजच निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या तर पाय वाचण्याची आशा होती, महिन्याभरानं नसती.

त्यानं अक्काला सगळं सांगितलं, काही न लपवता. यंत्रानं हाड पाहिलेलं नाही, चितारलं आहे. आता सोनं पुसायची ती सोय या गाडीपुरती बंद केली आहे. पुन्हा फोटो काढायचा, पण गळ्यात सोनं नको. मोठ्या दवाखान्यातली यंत्रं तर चुंबकाची, तिथं आधीच उतरवायला लावतील. अक्का निमूट ऐकत गव्हातले खडे काढत राहिली. विमलची गोष्ट तिच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. घाटाच्या अलीकडं-पलीकडं सगळ्या गावांत पोचली होती.

"म्हंजे मी काढायचं, आणि माजाबी कणा मोडायचा," ती म्हणाली.

"अगं, काढल्यानं मोडत नाही. मोडलेला असतो, तो काढल्यावर दिसतो."

"ते तुझं म्हणणं झालं."

दुपारपर्यंत तो तिच्या पाठीमागं लागला होता. शेवटी त्याला लहानपणी घरातच पाहिलेली एक गोष्ट आठवली. मंगळसूत्र सोनाराकडं गाठवायला टाकलं की बायका गळा मोकळा ठेवत नाहीत. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घालतात. हळकुंड म्हणजे वाळलेला कंद. त्याच्यातून एक्स-रे हवेतून जावा तसा जातो. गळाही भरलेला आणि हाडही उघडं. वर्षानुवर्षं पुण्याच्या यंत्रात डोकं घालून बसलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

अक्कानं हळकुंडाचं ऐकलं आणि पहिल्यांदा निवडणं थांबवलं. तरी ती हो म्हणेना. तेव्हा भास्करनं जे बोलायला नको होतं ते बोलून टाकलं.

"उद्या दाजी दारात आले, तर उठून दार उघडायला पाय नकोत का?"

 आपण तिच्या कुठल्या जागी हात घातला हे त्याला कळत होतं आणि लाजही वाटत होती. पण तिचे पाय त्याला लाजेपेक्षा मोठे वाटत होते.

"शुक्रवारी येते," ती म्हणाली.

शुक्रवारी गाडी तिच्याच गावच्या चावडीपुढं उभी राहिली. सारिकानं ताटात हळकुंडं आणि हळदीनं रंगवलेले दोरे मांडून ठेवले होते. भास्करनं गावातल्या बायकांना सगळं समजावून सांगितलं होतं, तरी कुणी पुढं यायला तयार नव्हतं. शालनअक्का येते म्हटल्यावर मात्र रांग धरली गेली. नवऱ्याची वाट बघत इतकी वर्षं जिनं मणीसुद्धा हलू दिला नाही, ती उतरवते आहे म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. पुढच्या चार-पाच जणींनी तर हळकुंडं बांधूनही घेतली आणि सोनं रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं.

अक्कानं आधी हळकुंड बांधलं. ते नीट बसलंय याची खात्री केली आणि मगच मानेमागं हात नेऊन दाजींचं मंगळसूत्र सोडवलं. ते तिनं पदरात बांधलं आणि यंत्रासमोर जाऊन छाती टेकवून उभी राहिली. सारिकानं श्वास धरायला सांगितलं. अक्कानं धरला. फोटो झाल्यावरही तिनं तो सोडला नव्हता. सारिकाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

हळकुंड फोटोत कुठंच नव्हतं. भास्करचा तो अंदाज बरोबर निघाला. त्याच्या मागं चौथा मणका पाचरीच्या आकाराचा झाला होता आणि पाचव्याचा वरचा काठ कुरतडला होता. विमलइतका नाही, पण त्याच वाटेवरचा. बाजूला मेरूनं सवयीनं अक्काचा मागचा, चैत्रातला फोटो लावला. त्यात दोन्ही मणके उभे, चौकोनी, सुरेख. मेरूचा आवाज नेहमीइतकाच मोठा होता आणि गाडीचं दार हवेसाठी उघडं ठेवलेलं होतं.

"ताई, तुमचा चौथा आणि पाचवा मणका खचला आहे. मागच्या वेळी शाबूत होता."

ते शेवटचं वाक्य बंद करायला हवं, हे भास्करच्या डोक्यात आलं नव्हतं. बाहेरची कुजबुज थांबली.

अक्का पडद्यापाशी आली. तिनं आधी चैत्रातला फोटो पाहिला, मग आजचा, मग पुन्हा चैत्रातला. तिच्या तोंडावर भीती नव्हती. असलं काही भास्करनं तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, इतका तो चेहरा ढिला पडला होता.

"ते गेले," ती म्हणाली.

"अक्का, ऐक. हा डावीकडचा फोटो खोटा आहे. तिथलं हाड मेरूनं भरलंय. तुझा मणका तेव्हाही खचत होता."

"तू बघितलावतास?"

"नाही, पण..."

"मूळ फोटू कुठं हाय त्यो?"

"पुसलाय."

"मग तुला कसं ठावं, तवा हाड हुतं का न्हवतं?"

भास्करकडे उत्तर होतं. हाडाचा क्षय एवढ्या घाईनं येत नाही, पायाची बधिरता महिन्यांची आहे, पुस्तकं आहेत, अनुभव आहे. सगळी उत्तरं बरोबर होती. पण तिच्यासमोर दोन फोटो होते आणि त्यातला एकही तो फाडू शकत नव्हता, कारण गेली तीन वर्षं त्यानंच तिला सांगितलं होतं की माणसाच्या डोळ्यापेक्षा मेरूवर भरवसा ठेव. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही म्हणतात. इथं आरसाच खोटा निघाला होता आणि कंकण कुणी पाहिलं नव्हतं.

"गळ्यात होतं तवर ते कुठंतरी होते," अक्का म्हणाली. आवाज शांत होता, भांडणाचा नव्हता. "हळकुंडानं भागलं न्हाई. सोनं त्यांच्या हातचं हुतं."

"तुझे पाय वाचतील अक्का. आजपासून गोळ्या चालू करू. तू चालशील."

"चालीन की. कुटं जायचंय पर आता?" तिनं गळ्यातला पिवळा दोरा ओढून तोडला आणि हळकुंड त्याच्या टेबलावर ठेवलं. "तू माझं पाय वाचवलंस भास्कर. मी न्हाई म्हणत न्हाई. पर त्यास्नी तू मारलंस."

एवढं बोलून तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायची तसा. भास्करला रडू आवरलं नाही. त्यानं तिला तिथंच बसायला सांगितलं, पहिल्या गोळ्या काढून दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. तिनं एकेक गोळी पाण्याबरोबर घेतली, काही तक्रार केली नाही. मग पदर सारखा करून ती उठली. सारिकानं आधाराला हात दिला.

दारातून खाली उतरताना तिच्या डाव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली. ती तशीच पुढं गेली. रांग जागची हलली नव्हती. हळकुंडं बांधलेल्या बायका पुढं होत्या, सोनं घातलेल्या मागं, आणि सगळ्यांची नजर अक्काच्या मोकळ्या गळ्यावर होती. भास्कर चप्पल हातात घेऊन तिच्या मागं धावला. बायकांशी आपणच आधी बोलायला हवं, एवढं त्याला सुचलं होतं.

पण पहिलीनं तोवर विचारलं होतं, "अक्का, काय दिसलं वो आत?"

अख्ख्या पंचक्रोशीत शालनअक्का खोटं बोलली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिनं जे दिसलं ते सांगितलं.

भास्कर पोचला तेव्हा बायका कमरेचे रुमाल सोडत होत्या. हळकुंडं मातीत पडत होती, मानेमागं एकमेकींच्या गाठी बांधल्या जात होत्या, पक्क्या, दुहेरी. गडबड नव्हती, कुणी ओरडतही नव्हतं. बघता बघता चावडीपुढं एकही बाई उरली नाही.